चार डोळ्यांचा

काउंटी रस्ता झेड-झेड
मक्याच्या शेताशी कोपर काढून वळतो,
तिथल्या चरात ओर्विन ल्युटके
घडीची खुर्ची मांडून बसतो.
एकतीस वर्षं त्यानं हाच चर कापला,
पिवळ्या यंत्रावर बसून, जूनमध्ये एकदा, ऑगस्टात एकदा,
आणि पात्यांना चिकटलेला पांढरा चीक
संध्याकाळी रॉकेलनं पुसला.

मिल्कवीड. रुईच्या गोतातलं झाड,
फक्त विस्कॉन्सिनचा बर्फ सोसणारं.
आता तो त्यावरचे किडे मोजतो.
म्हणजे मोजते गाओ नू,
शेजारच्या वांगांची, साडेनऊ वर्षांची.
तो नुसता विचारतो.

"रंग?"
"लाल. नाही, नारिंगी.
भोपळा पिकायच्या आदल्या दिवशीचा."
"गोल की लांबट?"
"लांबट. खांदे आहेत त्याला."
"मग लेडीबर्ड नव्हे.
पाठीवर काळा पट्टा? आडवा, कमरेला कसल्यासारखा?"
"नाही."
"नीट बघ. पट्टा असला तर तो ढेकणाच्या जातीचा.
शेंगेतलं बी शोषतो,
आणि पंगत धरून बसतो, एकटा कधी नसतो."
"हा एकटाच आहे. ठिपके आहेत, काळे."
"किती?"
"थांबा, चालतोय."

मग बराच वेळ फक्त मका सळसळला.

"आता पानाची मधली शीर चावतोय. चीक गळतोय खाली."
"हां," ओर्विन म्हणाला, आणि खुर्ची करकरली.
"आधी नळ बंद करतो, मग जेवायला बसतो. शहाणा आहे.
आता मिशा बघ. निघतात कुठून?"

दुधाचा टँकर गेला,
झाड कितीतरी वेळ हलत राहिलं.
गाओ नू गुडघ्यांवर आली, श्वास धरून.
"डोळ्यातून," ती म्हणाली.
"डोळ्याच्या मधोमध उगवलीय मिशी.
वर एक तुकडा, खाली एक तुकडा."
"मग डोळे किती?"
"चार."

ओर्विन गप्प राहिला.
त्याच्याही डोळ्यांत मधोमध काहीतरी उगवलंय
गेल्या हिवाळ्यापासून, राखाडी,
बोटानं पुसलं तरी न जाणारं. कडा तेवढ्या शाबूत.
पोरीची वेणी दिसते, कान दिसतो, मागचा मका दिसतो.
चेहरा हवा असेल
तर तिच्या शेजारच्या हवेकडे बघावं लागतं.

"त्याला नीट दिसतं का पण?" तिनं विचारलं,
त्याच हवेतून.
"झाड सापडतं. जोडीदार सापडतो.
अजून काय दिसायला हवंय त्याला?"
मग जरा थांबून,
"चिमटीत धर. हळू. माझ्या कानाशी आण.
हा नको, हा यंत्रानं खाल्ला. तो."

किडा कुरकुरला.
बाहुलीच्या घराचं दार कुणी तेल न घालता उघडावं तसा,
एकदा, आणि मग रागानं पुन्हा पुन्हा.
म्हाताऱ्याचे खांदे हसून हलले, मग हलायचे थांबले.
"एकतीस वर्षं हे पात्याखाली ओरडत असणार,"
तो म्हणाला,
"आणि माझं इंजिन केवढं मोठं."

तिनं वहीत लिहिलं: लाल मिल्कवीड भुंगेरा. एक.
शेजारच्या पानावर आणखी दोन होते, एकावर एक.
ते तिनं सांगितले नाहीत.
तिच्या मोठ्या काकूला विचारलं होतं तिनं कधीतरी,
आपल्या भाषेत याला काय म्हणतात.
काकू काकड्या मोजत होती बाजारासाठी.
म्हणाली, तिकडच्या डोंगरात हे झाडच नव्हतं बाई,
नसलेल्या झाडावरच्या किड्याला
नाव कोण ठेवणार?
म्हणून वहीतली दुसरी ओळ अजून कोरी आहे.

चिमूट सैल केल्यावर
भुंगेरा तिच्या बोटावरून चालत नखाच्या टोकापर्यंत गेला,
तिथं थांबला,
आणि उडण्याआधी दोघांकडे बघितलं असावं त्यानं,
चारांतल्या कुठल्यातरी दोन डोळ्यांनी.